काढून ठेवलेला दिवा

चांगुणाची थोरली बहीण लंकाबाई देवळाली कॅम्पात दिली ते साल १९८३. बहिणीचं लग्न उरकून चांगुणा सातपूरच्या, बारके दिवे जोडायच्या शेडवर परत कामाला आली, तेव्हा तिच्या नखांतली हळद अजून निघाली नव्हती. त्याच दिवशी झुंबर चुकून त्या शेडमध्ये शिरला. जायचं होतं शेजारी, पत्रा कापणाऱ्याकडे. पण तो दारातच थबकला. समोर एक मुलगी हरभऱ्याएवढा दिवा बोटामागे धरून पारखत होती, आणि तिचं बोट आतून लालबुंद उजळलं होतं...

झुंबर एका खासगी दवाखान्यात यंत्रं सांभाळायचा. तिथल्या डॉक्टरांना असेच दिवे हवे होते. अर्धवाहकाचे, हाताला न भाजणारे; कामगार त्यांना डायोड म्हणत. असे दिवे तळहाताएवढ्या पाटीवर बसवायचे आणि अंधारात ती पाटी बाईच्या छातीखाली धरायची. उजेड मांसातून पार येतो; आत गाठ असेल तर तिथे काळं दिसतं.

पाटी जोडायचं काम चांगुणाकडे आलं. मग झुंबर कामाशिवायही येऊ लागला. एकदा तिनं मान वर न करता विचारलं,

"नाव झुंबर, अन् दिवे माझ्याकडनं नेता?"

"घरात लावणारं कुणी नाय ना—" तो अडखळला. "म्हणजे... दिवा."

"कळलं," ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तिथे तर कुठला दिवा धरलेला नव्हता.

पाटी तयार झाली, पण पहिली कोण, म्हणून एकही बाई पुढे येईना. अंधाऱ्या खोलीत पदर काढायचा म्हणजे काय! शेवटी चांगुणा म्हणाली, पाटी माझी, मीच आधी लावून बघते. डॉक्टर यायच्या आधी ती एकटीच आत गेली. झुंबर बाहेर, उघड्या दाराला पाठ करून, भिंतीकडे बघत उभा राहिला. जिला मागणी घालायची, तिच्याकडे असं बघायचं नाही, एवढा तो तिचा मान राखायचा.

"एका जागी काळं दिसतंय हो..."

"डायोड गेला असेल," तो भिंतीलाच म्हणाला. "बदला तो."

तिनं बदलला. पाटीवर तळहात धरला, तो सगळा लाल दिसला. पुन्हा छातीला लावून बघावं, असं लाजेपायी दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. बाहेर येऊन तिनं काढलेला दिवा त्याच्या खिशात टाकला.

"हा मेलेला तुम्हाला."

"अन् जिवंत?"

"समोर उभी हाय की."

८४च्या उन्हाळ्यात बुद्धवंदना होऊन त्यांचं लग्न लागलं. संसार गोड चालला होता. पुढच्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, आणि झुंबरनं गमतीनं फडताळात जपून ठेवलेल्या त्या मेलेल्या दिव्याच्या तारा सेलना टेकवल्या.

दिवा लख्ख पेटला.

चांगुणा हसली. झुंबरनं तारा पुन्हा टेकवून बघितल्या. दिवा चांगला होता, मग त्या दिवशी काळं काय दिसलं होतं? त्यानं विचारलं, दुखतं का कुठं? तिनं पदर घट्ट ओढून घेतला. मग सांगितलं, काखेत गाठ आहे, तुम्हाला कशाला घोर म्हणून बोलले नाही.

डॉक्टरांनी पाटी धरली. या खेपेला झुंबरनं तोंड फिरवलं नाही. काळं त्याच जागी होतं, ती म्हणाली, पण आता पसरलेलं. तेव्हाच कळलं असतं तर... म्हणून डॉक्टर थांबले.

शेवटी शेवटी तिनं एकदाच विचारलं, तेही रागानं नाही.

"तवा वळून बघितलं का नाय तुम्ही?"

"लाजलो," तो म्हणाला.

"मी बी," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरून ठेवला.

चांगुणा १९८६च्या जानेवारीत, सातपूरच्या घरी वारली.