भरलेली कांडी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी आजही त्याच घरात राहतो.

सोलापूर, भवानी पेठ. १९७४ सालची वैशाखातली अमावस्या. आणि वेळ भर दुपारची, त्यामुळे 'झोपेत असशील' असं मला कुणी सांगू नये.

मी पाळण्यात असताना माझे वडील, रेवणसिद्ध, हातमागावर बसल्या बसल्या गेले. आई आडावर पाण्याला गेली होती. घरात फक्त त्यांची बहीण होती, मल्लव्वा आत्या.

"वन्सं, जाताना काही बोलले का हो ते?"

आई जन्मभर हेच विचारत राहिली. आत्यानं कधी तोंड उघडलं नाही. आई तशीच गेली.

त्या उन्हाळ्यात सत्तरी ओलांडलेली आत्या वळसंगहून आमच्याकडे राहायला आली. या खेपेला तिच्याकडून काढून घ्यायचंच, असं मी ठरवलं होतं.

पण म्हातारीनं जीव नकोसा केला.

भाकरी जाड झाली. चहा पांचट झाला. पडवीत गार वारा असताना बाई बसणार मधल्या खोलीतच, एकाच शहाबादी फरशीकडे तोंड करून.

त्या फरशीखाली वडिलांच्या मागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा होता. आईनं माग विकला, खड्डा बुजवला, त्यालाही खूप वर्षं झाली होती.

"आत्याबाई त्या फरशीवर पाय देत नाहीत," माझी बायको गिरिजा म्हणाली. "वळसा घालून जातात."

रोज दुपारी आत्या वडिलांच्या आठवणी सांगायची.

"रेवणला शेंगाचटणी लई तिखट लागायची. माग चालवताना देवाची वचनं म्हनायचा, पर सूर येक धड लागंल तर शपथ!"

हसायची. मग त्या दिवसावर यायची.

"त्या दुपारी मी कांड्या भरत बसले व्हते. तू पाळण्यात रडत व्हतास. आन् मग..."

आणि थांबायची. मान तिरकी करून काहीतरी ऐकायची...

"गप. त्यो कांडी मागतोय."

कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुतानं भरलेली नळी. सूत संपलं की वडील धोट्यानं मागाच्या लाकडावर ठोकायचे आणि आत्या नवी कांडी द्यायची.

रोज तीच जागा. रोज तिथंच गोष्ट बंद. माझं डोकं फिरायचं.

"आत्या, शेजारी तिप्पण्णाचे माग चालतात, त्यांचा आवाज आहे तो!"

"न्हाय रं शिवा. ह्यो येगळा हाय."

मग ती अमावस्या आली. आमच्या गल्लीत अमावस्येला माग बंद असतात. त्यात वीजही गेली होती, पंखासुद्धा थांबलेला. एवढी शांतता मी पेठेत कधी ऐकली नव्हती.

"तू पाळण्यात रडत व्हतास. आन् मग..."

आत्या थांबली. मी ओरडणारच होतो.

खट... खट...

फरशीखालून.

गिरिजाच्या हातातलं सूप खाली पडलं.

"ऐकलंस न्हवं?" आत्या म्हणाली. "कांडी दे त्याला. दिल्याबिगर मला म्होरं बोलू देत न्हाय."

भीती वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. आईचं अख्खं आयुष्य याच्यापायी गेलं होतं. मी तिप्पण्णाकडे धावलो, भरलेली कांडी आणली आणि फरशीवर आपटली.

"घ्या!"

आवाज थांबला.

आत्या त्या कांडीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात बोलू लागली.

"त्यो ठोकत व्हता. मी तुला पाळण्यातनं उचलून मांडीवर घेतलं व्हतं. म्हनलं, दमानं घे की जरा, पोर रडतंय. त्यो ठोकतच ऱ्हायला. मग थांबला. वळून बगितलं तर मागावर डोकं टेकल्यालं..."

तिनं फरशीवरच्या कांडीकडे बोट केलं.

"धोटा हातातच व्हता. आत कांडी बगितली मी. भरल्याली व्हती रं. निम्मीबी सरली नव्हती."

"म्हणजे?"

"कांडी मागतच नव्हता त्यो. मीच आपली मनाच्या समाधानाला कांडी कांडी म्हनत ऱ्हायले."

"मग काय मागत होते?"

"त्येच मला ठावं न्हाय. तुज्या आईला काय सांगनार व्हते मी?"

खट... खट...

फरशीवरची कांडी तशीच होती. भरलेली.

दुसऱ्या दिवशी आत्या वळसंगला निघून गेली. पावसाळ्यात ती वारल्याचा निरोप आला. मी फरशी उकरून पाहिली. खाली नुसती माती. पुन्हा बसवून टाकली.

पण दर अमावस्येला माग थांबले की तो आवाज येतो. पाणी ठेवून पाहिलं. शेंगाचटणी-भाकरी ठेवली, विभूती लावली. कशानंही तो थांबत नाही.

गेल्या अमावस्येला मी वैतागून फरशीपाशीच बसलो.

"अप्पा, काय पाहिजे ते सांगा तरी एकदा!"

ठोकणं थांबलं...

मी कान लावून बसलो. दुपार कलली तरी उत्तर नाही. शेवटी कंटाळून उठलो, पाठ फिरवून दाराशी पोचतो न पोचतो तोच...

खट... खट...