पेटी रिकामी होईपर्यंत

"हे मी तुला विकणार नाही."

हर्मानप्लात्झ स्टेशनच्या घड्याळाखाली, ओल्या कोटांच्या गर्दीत, तो उंच माणूस हातातलं पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून असं म्हणाला, तेव्हा इम्केला आधी वाटलं की आपण भलत्याच माणसापाशी आलो. पण जाहिरात याचीच होती. सिंथेसायझरचा आवाज गाळणारा, निळ्या बटणांचा फिल्टर, वापरलेला, चांगल्या स्थितीतला. त्यासाठी ती अर्धं बर्लिन ओलांडून आली होती. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं, मोजे भिजून पायाला चिकटले होते, आणि हे महाशय म्हणतात, विकणार नाही.

"का बरं?"

"आधी सांग, तुझ्याकडं आत्ता काय काय आहे?"

"दोन फिल्टर आहेत."

"आणि आवाज काढणारं मॉड्यूल?"

"ते... वेगळं घ्यावं लागतं?"

त्यानं डोळे मिटले, उघडले. "म्हणजे घरात कॉफीचा पत्ता नाही, आणि बाई तिसरी गाळणी घ्यायला निघाल्यात."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण तिला हसू आलं... आणि तो हसला तेव्हा तिची नजर नेहमीप्रमाणे दातांवर गेली. इम्के कृत्रिम दात बनवायची. माणूस दिसला की आधी दात बघायचे, ही तिची खोडच होती. याचा डावा सुळा जरासा तिरपा होता, त्यामुळे हसूही तिरपंच बाहेर पडत होतं.

"काय बघतेस?"

"तुझा सुळा. वाकडा आहे."

"तोही विकाऊ नाही," तो म्हणाला.

त्याचं नाव फाल्क. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. बाकी सगळा वेळ, गेली दहा-अकरा वर्षं, त्यानं एक सिंथेसायझर बांधण्यात घातला होता. तसा सिंथेसायझर दुकानात तयार मिळत नाही. एक लाकडी पेटी घ्यायची आणि तिच्यात आपल्या मनाची मॉड्यूलं एकेक करून स्क्रूनं बसवायची. एक सूर काढतं, एक तो गाळतं, एक आवाजाला दार लावतं-उघडतं. मग त्यांना रंगीबेरंगी वायरींनी जोडायचं. कुठलं घ्यावं आणि कुठलं नको, यावर माणसं जेवणं विसरून भांडतात. आणि नवखा माणूस हमखास आधी दिसायला देखणं असेल ते घेतो, तशा आमच्या इम्केबाई निळी बटणं बघून आल्या होत्या.

"तुला कशाला हवाय हा खटाटोप?" फाल्कनं विचारलं.

"दिवसभर मी दात घासते. म्हणजे दुसऱ्यांचे. म्हणजे... बनवलेले." तो ऐकत होता, म्हणून ती पुढं बोलली. "त्या घासायच्या यंत्राची सारखी घूं-घूं चालते. मला वाटतं, तो आवाज धरून वाकवता आला असता तर. थोडा वर, थोडा खाली... जाऊ दे, वेडेपणा आहे."

तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही.

"शनिवारी ये," तो म्हणाला. "कॉफी आणतो."

गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला की कॉफी म्हणजे आवाज काढणारं मॉड्यूल. तिला जराशी निराशाच झाली, आणि त्या निराशेचं तिलाच नवल वाटलं.

शनिवारी ती त्याच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून त्याची पेटी उभी होती, दाराएवढी. वरची एक ओळ रिकामी झाली होती आणि आतल्या वायरी लोंबत होत्या.

"सगळं विकणार?"

"सगळं. ही रिकामी झाली की मी चाललो. उत्तरेला मेक्लेनबुर्गमध्ये भाऊ आहे, तळ्याकाठी होड्या दुरुस्त करतो. त्याला माणूस हवाय."

"आणि हे... इतकी वर्षं बांधलेलं?"

फाल्कनं कॉफी ओतली. "इतक्या वर्षांत मी किती गाणी पुरी केली असतील?"

"किती?"

"एकही नाही," तो अगदी सहज म्हणाला. "दर वेळी वाटायचं, अजून एक मॉड्यूल आलं की जमेल. ते यायचं. मग कळायचं, त्याच्या जोडीला आणखी एक हवं. शेवटी आता भिंतच संपली."

तो हसला, तिरपंच. पण त्या हसण्याखाली जे होतं ते इम्केला दिसलं, आणि पोरीचा जीव तिथंच अडकला. त्याला असा हताश बसलेला बघून तिला एकच वाटलं, की या माणसाला इथून जाऊ द्यायचं नाही.

पण जाऊ द्यायचं नाही म्हणजे करायचं काय? त्याला भेटायला तिच्यापाशी निमित्त एकच, मॉड्यूल घेणं. आणि तिनं घेतलेल्या प्रत्येक मॉड्यूलागणिक त्याची पेटी रिकामी होणार, जायचा दिवस जवळ येणार. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. न घ्यावं तर भेट नाही, घ्यावं तर माणूस चालला.

तिनं चालढकल करून पाहिली. मुद्दाम भलतंच मागायची, म्हणजे तो नाही म्हणेल आणि आणखी एक शनिवार मिळेल.

"मला ते लाल दिव्यांचं हवं."

"त्याचं तू काय करणार?"

"दिवे बघणार."

"मग ख्रिसमसचं झाड घे. स्वस्त पडेल."

"तू असाच गिऱ्हाइकं पळवून लावतोस?"

"बाकीच्यांना विकून मोकळा होतो," तो खाली बघत म्हणाला. "तुलाच फक्त..." तो स्क्रू शोधत बसला, जो त्याच्या हातातच होता.

एकदा तो तिच्या घरी आला, मॉड्यूल कसं बसवायचं ते दाखवायला. मागच्या चपट्या वायरीला एका कडेनं लाल रेघ असते. ती खालच्या बाजूला यायला हवी.

"उलटी लावलीस तर धूर निघेल," तो म्हणाला. "एवढं एक विसरायचं नाही."

त्यानं तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. रेघ संपली, तरी त्यानं बोट सोडलं नाही. खिडकीवर गारा वाजत होत्या. त्याच्या गळ्यात, अशा पेट्या बांधणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे, पाच-सहा वायरी मफलरसारख्या लटकत होत्या. त्यातली एक पिवळी काढून त्यानं तिच्या गळ्यात घातली.

"फाल्क," ती हळूच म्हणाली, "नको ना विकूस बाकीचं."

"तू नाही घेतलंस तर दुसरा कुणी घेईल."

"मी मॉड्यूलांबद्दल बोलत नाहीये."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला, आणि बोट सोडलं. "मीही नाही बोलत त्यांच्याबद्दल."

असा हिवाळा गेला. त्याच्या पेटीत शेवटच्या दोन ओळी उरल्या. तिच्या छोट्या पेटीत त्यानं निवडून दिलेली चारच मॉड्यूलं होती, पण त्या चारांवर ती रोज कामावरून येऊन बसायची. तिला शास्त्र कळत नव्हतं. ती नुसती कान देऊन बटण फिरवायची, थांबायची, पुन्हा फिरवायची. एके दिवशी दात घासायच्या त्या यंत्रासारखी घूं-घूं पेटीतून निघाली आणि तिच्या हाताखाली खरोखर वाकली. मग दुसरा सूर आला, त्याच्याभोवती फिरला, आणि तिला कळायच्या आत एक अख्खी गोष्ट सांगून शांत झाला.

तिच्या मनात आलं, हे फाल्कला ऐकवायचं. त्याला वाटतंय सगळं फुकट गेलं. त्यानं इतक्या वर्षांत जमवलेल्यात केवढं सौंदर्य आहे, हे एकदा ऐकलं की त्याचा जीव पुन्हा त्यात रमेल आणि तो जायचा नाही. बिचारीनं मनोमन सगळं ठरवून टाकलं. प्रेमात पडलेल्या माणसाला आपला बेत नेहमी सोपाच वाटतो.

बर्लिनच्या वेडिंग भागात ओर्ट्रुड नावाच्या बाईचा कॅफे आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथं मागच्या खोलीत ही सगळी मंडळी आपापल्या पेट्या घेऊन जमतात, आणि ज्याला हवं तो थोडा वेळ वाजवतो. फाल्क तिथं वर्षानुवर्षं जायचा. लोकांच्या पेट्या दुरुस्त करून द्यायचा, सल्ले द्यायचा. वाजवायचा मात्र कधीच नाही. इम्के त्याला ओढतच घेऊन गेली.

तिची पाळी आली. आधीच्या माणसाच्या पेटीशेजारी तिची पेटी अगदीच एवढीशी दिसत होती. कुणीतरी म्हणालं, "ही जेवणाचा डबा घेऊन आली की काय," आणि लोक हसले. इम्केनं फाल्ककडं पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं अंगठा दाखवला.

तिनं सुरू केलं. घूं-घूं. मग ती वाकली.

हसणारे गप्प झाले. कप खाली ठेवल्याचेही आवाज थांबले. इम्के त्याच्यासाठीच वाजवत होती, फक्त त्याच्यासाठी, आणि ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. ती थांबली तेव्हा टाळ्या यायला वेळ लागला.

ओर्ट्रुड डोळे पुसत उठली. म्हातारी मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. तिनं फाल्कच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, ही तुझीच मॉड्यूलं ना? मी ओळखते त्यांना. एवढं सगळं होतं होय त्यांच्यात? मग इतकी वर्षं कुठं दडवून ठेवलं होतंस?"

लोक हसले. फाल्कही हसला. इम्केनं त्याचा चेहरा पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते तिला त्याच क्षणी कळलं.

तो बाहेर कट्ट्यावर बसला होता. बारीक पाऊस लागला होता. ती शेजारी बसली.

"फार सुंदर होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. "खोटं नाही सांगत. मी आजवर असं काही ऐकलं नाही."

"तुझंच आहे ते. तूच निवडून दिलंस सगळं."

"हो ना. तेच तर." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या पेटीत काहीतरी कमी आहे. पेटीत काहीच कमी नव्हतं, इम्के. चार मॉड्यूलं पुरेशी होती."

"मी तुझ्यावर प्रेम करते," ती म्हणाली. अशा वेळी म्हणायचं नसतं, पण तिच्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"मीही करतो. त्या घड्याळाखाली तू सुळ्याला नावं ठेवलीस, तेव्हापासून."

"मग राहा."

"राहतो. आणि रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीतून तुझं वाजवणं ऐकतो. पहिल्या वर्षी कौतुक वाटेल. दुसऱ्या वर्षी मला माझा राग येईल. मग तुझा यायला लागेल." तो अगदी हळू बोलत होता. "मी माझ्या भावावर इतकी वर्षं जळलो आहे, त्याला होड्या जमतात म्हणून. मी मला ओळखतो."

"मी सोडून देते. सगळं विकून टाकते. मला नकोच ते."

"आणि तू माझ्यासाठी सोडलंस, हे ओझं मी कुठं ठेवू?"

दोघं भिजत बसून राहिली. त्यानं तिचा हात घट्ट धरला होता, आणि तेवढंच काय ते त्या दिवशी तिच्या वाट्याला आलं.

दोन दिवसांनी तो तिच्या दारात उभा राहिला. एका हातात तिच्यासाठी आणलेली, दोन ओळींची रिकामी लाकडी पेटी, दुसऱ्या हातात उरलेल्या मॉड्यूलांनी भरलेली पिशवी.

"हे विकायला नाही आणलं," तो म्हणाला. "तुझं आहे."

तो दुपारभर तिच्या टेबलाशी बसून एकेक मॉड्यूल बसवत होता. ती स्क्रू हातात देत होती. तिला वाटत होतं, स्क्रू संपूच नयेत. संपले. पेटी काठोकाठ भरली.

"जायच्या आधी एकदा वाजव," तो म्हणाला. "गाडीला वेळ आहे."

इम्के पेटीपुढं बसली. आणि तिच्या डोक्यात एक विचार आला, इतका वेडा की त्याची तिला लाज वाटली नाही. आपण वाईट वाजवलं तर? ते रविवारचं योगायोगानं जमलं होतं असं त्याला वाटलं तर? मग तो कशाला जळेल, मग तो कशाला जाईल?

तिनं वायरी कशाही खुपसल्या. बटणं भलतीच फिरवली. पेटी केकाटली, खरखरली, मध्येच अडखळली. इम्के खाली मान घालून ते तसंच चालू देत राहिली. वर बघायचा तिला धीर होत नव्हता.

फाल्कनं सगळं ऐकून घेतलं. मग तो उठला, तिच्या मागं आला, आणि तिच्या केसांवर ओठ टेकवून बराच वेळ तसाच उभा राहिला.

"नाही जमत तुला," तो म्हणाला. "खोटं वाईट मला लगेच कळतं गं. खरं वाईट मी इतकी वर्षं वाजवलंय."

त्यानं कोट घातला. दाराशी एकदा थांबला. दार हलकेच लागलं. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली, मग फाटकाचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

पेटी अजून केकाटतच होती. इम्के तिच्यापुढं बसून होती, डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. त्या सगळ्या गोंधळात एक सूर किंचित उतरलेला होता. तिचा हात आपोआप पुढं गेला, एक बटण केसभर फिरलं, आणि सूर जागेवर आला. दुसऱ्या हातानं तिनं दुसरा सूर त्याच्याजवळ आणला. गाणं सुरू झालं. हात थांबेनात, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.