थोरलीचं बोट

मोबाइल खाली ठिवा बे. भुताची गोष्ट पायजे ना? मग गपगुमान ऐका. आपल्या शहादेव जीपवाल्याच्या अंगावर घडलेली हाय.

गेल्या सर्वपित्री अमावस्येला, रात्री साडेनवाला, त्यो धारूरच्या घाटातून एकटाच चालला व्हता. पलीकडच्या वाडीतला देवरुषी आणायचा व्हता, चंद्रभागाबाईच्या सुनंसाठी. सून म्हंजी वनमाला. पैलंच बाळंतपण, आठवा महिना.

तिचं तोंड फुगल्या भाकरीवानी झालतं. पायातली जोडवी मांसात रुतून पू धरलता, तरी सासू काढू देईना. सवाशिणीनं जोडवी काढायची नसत्यात म्हणं! डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात, बरगडीखाली कळ येती, असं पोरगी चार दिवस सांगत व्हती. गावच्या आशाताईनं बीपी मोजलं, तिच्या नडगीवर बोट दाबलं, तर खळगा पडला आन् तसाच राहिला. "हिचं बीपी लई वाढलंय. बहीण बी ह्याच दुखण्यानं गेली, हिला धोका जास्त. आत्ताच दवाखान्यात न्या," आशाताई म्हणली. त्यावर चंद्रभागाबाई काय म्हणावी? "बीपी न्हाई, सवत लागलीय."

सवत कोण, तर सत्यशीला. वनमालाची सख्खी थोरली बहीण, ह्याच घरात दिलेली. तीन वर्सांमागं तिला बी आठव्यात अशीच सूज, मग झटके. अंगात आलं म्हणून त्याच देवरुष्यानं मिरच्यांची धुरी दिली. तिच्या तोंडाला फेस, जीभ चावून रक्त, आन् ह्यो हरामखोर तिच्या केसाला धरून इचारतोय, "बोल, कोण हायस?" थू! पोरगी पोटातल्या लेकरासकट गेली. वर्साच्या आत तिच्याच जागी धाकटी आणली. आईबापालाबी लाज न्हाई. आन् त्या राती देवरुष्याला घेऊन आलता कोण? शहादेवच.

तर घाटातलं दुसरं वळण. दिव्याच्या उजेडात एक बाई. हिरवं लुगडं. अनवाणी. त्यानं ब्रेक दाबला.

कुणीच न्हाई.

जीप बंद पडली. मिरचीचा ठसका आला... आन् शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं. वर बघायची हिंमत न्हाई. नजर खाली गेली. सुजून तट्ट झालेले पाय. जोडवी मांसात गडप.

"पुन्यांदा त्यालाच... कावून, भाऊ?"

त्यानं डोळे गच्च मिटले.

मनगटावर एक बोट टेकलं. गार. मग दाबलं...

"माझ्या बहिणीला... दवाखान्यात..."

शहादेवनं डोळे उघडले. सीट रिकामी. त्यानं तिथंच गाडी मागं फिरवली. वनमालाच्या घरी तिचा नवरा तंबाखू मळत बसलेला. चंद्रभागाबाई दारात आडवी झाली. तिला बाजूला सारून ह्यानं अन् आशाताईनं वनमालाला जीपमधी घातलं. दवाखान्यात पैल्यांदा जोडवी कापून काढली. बीपी एकशेनव्वद. पहाटं पोट फाडून लेकरू काढलं. दीड किलोची पोरगी. दोघी वाचल्या.

परवा शहादेव पाटोद्याच्या बाजारात भेटला. गडी काटक, अंगावर सूज नावाला न्हाई. त्यानं बाही वर केली. मनगटावर बाईच्या बोटाएवढा खळगा.

वरीस होत आलं. अजून भरला न्हाई.