बाबनरावांचा जर्मन चाकू

महाल भागातल्या यमुताईंकडे माणसं चपला बाहेर काढून आणि खोटं आत घेऊन येत. सोयरीक जुळण्याआधी दोन्ही घरची खाजगी चौकशी करणं हा यमुताईंचा धंदा. मुलगा पितो का, शेत खरंच त्याच्या बापाचं आहे का, पहिली बायको माहेरी गेली म्हणतात ती कोणत्या माहेरी. यमुताई विचारायच्या कमी, बघायच्या जास्त. त्यांचे धाकटे दीर नानाजी लँब्रेटा स्कूटर चालवायचे. देवानं नानाजींना अक्कल देताना हात आखडता घेतला होता आणि भूक देताना तो सैल सोडला होता.

डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. डोळे सुजलेले, पण पदर घट्ट खोचलेला.

"इतवारीतल्या कापडवाल्या बाबनरावांची प्रेमिला ना वं तू?" यमुताई म्हणाल्या. "गुरुवारी तुझं साक्षगंध. ड्रॉइंग मास्तरसंगं."

"होतं," प्रेमिला म्हणाली. "बाबांनी मोडलं. रुपराव चोर आहेत म्हणतात. एका चाकूसाठी."

नानाजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. रिकामी झाली होती म्हणून ठेवली.

प्रेमिलानं सांगितलं ते असं. दर हिवाळ्यात बाबनराव आणि त्यांचे दोन दोस्त काटोलपलीकडच्या जंगलात एक दिवस जात. सोबत आपापली हत्यारं. एका घावात बांबू कोणाचा तुटतो, सरपणाची ढलपी कोणाची पातळ निघते, याच्या पैजा. बायकोनं घरी कांदा चिरून द्या म्हटलं तर ज्यांना चाकू सापडत नाही, ते पुरुष. दरवर्षी जिंकायचे बाबनरावच. त्यांच्या वडिलांनी लढाईच्या काळात कामठीच्या एका गोऱ्याकडून जर्मन चाकू घेतला होता. शिंगाची मूठ, पात्याला कधी डाग नाही. वर्षभर पेटीत, फक्त या दिवशी बाहेर.

यंदा होणाऱ्या जावयालाही नेलं. आणि तिथंच चाकू गेला.

"झडती घेतली?"

"सगळ्यांची. बाबांनी पहिले स्वतःची दिली. चाकू नाही मिळाला, पण त्याचं चामड्याचं म्यान रुपरावांच्या झोल्यात निघालं."

"तुझे बाबा आता काय करून राहिले?"

"दुकानात जात नाहीत. जंगलात भाजलेला मारुतीचा रोट, ती जाड गोड भाकर, देव्हाऱ्यापुढं ठेवलाय. दरवर्षी जंगलातच मोडून सगळ्यांना वाटतात, पण यंदा नवस केला. चाकू मिळेपर्यंत रोट मोडायचा नाही. नाहीच मिळाला तर उद्या सकाळी अंबाझरी तलावात सोडणार. रोट पाण्यात गेला की माझं साक्षगंधही गेलं, असं आईला म्हणाले."

"रोट केवढा आहे?"

"परातीएवढा."

"एवढा रोट," नानाजी हळहळले, "आणि पाण्यात."

यमुताईंनी चपला घातल्या.

*

रुपराव शाळेच्या मागच्या ओट्यावर बसला होता. उंच, सडपातळ, बोटाला शाईचा डाग, दाढी दोन दिवसांची.

"जंगलात तुझं हत्यार कोणतं होतं?" यमुताईंनी विचारलं.

"आईची विळी," तो खाली बघत म्हणाला. "दुसरं काही घरात नव्हतं. सगळे हसले. म्हणून झोल्यातून काढलीच नाही परत."

"आणि म्यान?"

"गवतात पडलं होतं. हरवेल म्हणून उचलून ठेवलं. मामाजींना, म्हणजे बाबनरावांना, सांगायला गेलो, तर ते ओलेत्यानं रोट थापत होते. जवळ येऊ नका म्हणाले, विटाळ होईल."

"तेव्हा चाकू गेल्याची बोंब झाली होती?"

"नाही. रोट आरात, निखाऱ्यांत घातला, वर गोवऱ्या रचल्या, कपडे बदलले, मग म्हणाले चाकू कुठं आहे."

लँब्रेटापाशी आल्यावर नानाजी म्हणाले, "वहिनी, पोट्टा साधा दिसते. पण साधीच माणसं चोरतात. हुशार माणसाले चोरायची गरज नसते."

"मग तुमच्यावर नजर ठेवली पाहिजे, भाऊजी," यमुताई म्हणाल्या आणि मागे बसल्या.

*

दोन दोस्तांतले एक नत्थूजी, काटोलचे बागायतदार. बाजारात संत्र्यांच्या गाड्या उतरवायला आले होते. आवाज असा की माल बोलीविना विकला जावा.

"माह्यावर संशय घेता काय गा? माह्याकडं कुऱ्हाड आहे. कुऱ्हाडवाल्याले चाकूचं काय?"

"दरवर्षी हरता ना."

"हारतो त रोट मी करतो. तोच दंड आहे. जो हारन त्यानं थंड पाण्यात आंघोळ करायची, ओलेत्यानं रोट थापायचा. इतके वर्ष मीच काकडून राहिलो. यंदा बाबनरावाले अचानक भक्ती आली. म्हणे, नत्थू, तू बस, मी करतो. पैज जिंकलेला माणूस, बाप्पा, नाल्यात उतरला. दात असे वाजत होते, मी म्हटलं जंगलातले सुतार पक्षी आले."

"त्याआधी काय झालं?"

"बांबू तोडला. मग मी आवळे पाडले झाडाचे. बाबनरावानं आपल्या चाकूनं फोडी केल्या, मीठ लावलं, पळसाच्या पानावर ठेवल्या. कोणाले चाकू हात लावू देत नाही तो. थोड्या वेळानं पाहतो त फोडी काळ्याभोर. जंगली आवळा. मी खाल्ला तरी. मनोहररावानं नाही खाल्ला, तो भांडेवाला, नाजूक."

"काळ्याभोर," यमुताई म्हणाल्या. "आणि बाबनरावांनी खाल्ला?"

"मनोहररावानं लिंबाचं काढलं, तसं त्यानं पान उचललं आणि नाल्यात फेकलं. आणि त्यानंतर ही भक्ती."

"लिंबाचं काय?"

"ते त्यालेच विचारा. मले त एकच सांगायचं, रोट जळला होता. केस जळल्यावानी वास. ओलेत्यानं रोट थापणं कोणाचंही काम नव्हे."

निघताना नत्थूजींनी नानाजींना संत्री दिली. नानाजींनी वाटेत सोलून सगळी खाल्ली आणि तरी म्हणाले, "हाच आहे. एवढ्या प्रेमानं संत्री देते तो काहीतरी लपवते."

*

दुसरे दोस्त मनोहरराव, त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. त्यांच्या खिशात एक घडीचा चाकू होता, त्याला इतकी पाती की मनोहररावांनाच नावं माहीत नव्हती. यमुताई बसेपर्यंत त्यांनी त्यातल्या कात्रीनं मिशी सारखी केली.

"बाबनरावाचा चाकू मी मागितला होता, हे खरं," ते म्हणाले. "विकत. तो म्हणाला, बापाची निशाणी विकत नाही. मी म्हटलं, निशाणी आहे पण जर्मन आहे का? डाग न पडणाऱ्या लोखंडाचं भांडं मी ओळखतो. यंदा परीक्षा ठेवली. सगळ्यांच्या पात्यावर लिंबू पिळायचं, जेवण होईपर्यंत ठेवायचं. ज्याच्यावर डाग नाही तो खरा."

"बाबनराव कबूल झाले?"

"पहिले हसत कबूल झाला. मग त्यानं आवळ्याच्या पानाकडं पाहिलं आणि ते नाल्यात फेकलं. जेवणाआधी चाकूच गायब."

"तुम्ही चाकू हातात घेतला होता?"

"एक डाव. मूठ जुनी, बाबनरावाच्या बापाच्या हातानं गुळगुळीत झालेली. पण एक खिळा नवा. जुने दोन पितळी, काळवंडलेले. तिसरा तांब्याचा, लाल. मले वाटलं, दुरुस्ती केली असेल."

बाहेर आल्यावर नानाजी म्हणाले, "हाच. मिशी कापते आणि डोळ्याकडं पाहत नाही."

"मिशी कापताना आरशाकडं पाहतात, भाऊजी."

*

बाबनरावांच्या घरी साक्षगंधासाठी आलेले पाहुणे होते आणि साक्षगंध नव्हतं. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं. बाबनराव देव्हाऱ्यापाशी बसले होते. दोन दिवसांत म्हातारे झालेले. समोर पाटावर काळपट, कडक रोट, पळसाची जळकी पानं चिकटलेली. नानाजींनी हात पुढं केला तसे ते ओरडले, "हात नका लावू गा."

यमुताई स्वयंपाकघरात गेल्या. वच्छलाबाई, बाबनरावांच्या बायको, गुळाची ढेप बत्त्यानं फोडत होत्या. फोडून झाल्यावर त्यांनी तवा उलटा केला आणि चिंधी गुंडाळलेल्या एका लोखंडी पत्रीनं खरवडायला घेतला. पत्री लहान, टोकाशी तुटलेली, पण लख्ख.

"सुरीनं नाही फोडत का वं गूळ?" यमुताईंनी विचारलं.

"सुरी मोडते," वच्छलाबाई म्हणाल्या. आणि का कोणास ठाऊक, तवा जास्तच जोरानं घासायला लागल्या.

यमुताई बाहेर आल्या. नानाजींना म्हणाल्या, "तिघांनाही घेऊन या. मास्तरला आधी आणा. तो पायी येईल म्हणेल, ऐकू नका."

*

संध्याकाळी देव्हाऱ्यापुढं सगळे जमले. रुपराव दाराशीच उभा राहिला. प्रेमिला आतल्या दाराशी. दोघांच्या मध्ये बाबनराव आणि रोट.

"बाबनराव," यमुताई म्हणाल्या, "रोट मोडा."

"नवस आहे."

"चाकू मिळेपर्यंतचा. चाकू मिळाला. मोडा."

बाबनरावांनी पाट स्वतःकडं ओढला.

"मग ऐका. आवळे यांनी यांच्याच चाकूनं कापले, नत्थूजींनी पाहिलं. फोडी काळ्याभोर पडल्या. मोरावळा घालणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, आवळा कशानं काळा पडतो. साध्या लोखंडानं. जर्मन, डाग न पडणाऱ्या पात्यानं नाही पडत. नत्थूजींना जंगली आवळा वाटला. मनोहररावांनी तर त्याकडं लक्षच दिलं नाही. पण बाबनरावांनी पाहिलं. त्याच वेळी मनोहररावांनी लिंबाची परीक्षा काढली होती. तासाभरात सगळ्यांसमोर पातं काळं पडणार होतं."

मनोहररावांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"मग बाबनरावांना भक्ती आली. रोट थापायचा दंड हरणाऱ्याचा, हे तर जिंकलेले. तरी डिसेंबरात नाल्यात उतरले. काहून? कारण ओलेत्यानं रोट थापणाऱ्याजवळ विटाळाच्या भीतीनं कोणी जात नाही. जंगलात झोले तपासतात, खिसे तपासतात. मारुतीच्या पिठाची झडती कोण घेणार? चाकू पिठात, पीठ पळसाच्या पानात, पानं गोवऱ्यांच्या आरात. मग स्वतःच बोंब मारली, आणि झडती पहिले स्वतःची दिली. नवस केला तो रोट कोणी मोडू नये म्हणून; उद्या रोटासंगं चाकूही अंबाझरीत जाणार होता."

"आणि वास?" नत्थूजी म्हणाले.

"शिंगाची मूठ. आरात केसासारखीच जळते."

नानाजी रोटापासून थोडे मागे सरकले.

"म्यान मास्तरच्या झोल्यात निघेल, हे यांना माहीत नव्हतं," यमुताई बाबनरावांकडे बघत म्हणाल्या. "यांना वाटलं, जंगलात पडला, वानरानं नेला, असं होऊन जाईल. झडतीत म्यान निघालं, आणि मग तोंड उघडायची वेळ निघून गेली. पोट्ट्याला चोर म्हणणं सोपं, बापाला खोटा म्हणणं अवघड. म्हणून पोटच्या पोरीचं साक्षगंध मोडलं."

 बाबनरावांनी दोन्ही हातांनी रोट उचलून पाटावर आपटला. पहिल्यांदा पाटाला तडा गेला. दुसऱ्यांदा रोट फुटला. आत चाकू होता, मूठ कोळशासारखी, पातं निळं-काळं, आगीनं पाणी उतरलेलं.

"आयुष्यभर सांगितलं लोकांना," ते हळूच म्हणाले. "माझा बाप जर्मन चाकू घेऊन आला. साधं लोखंड निघालं. बाप खोटं बोलला, हे मी चार लोकांत कसं दाखवू?" 

"तुमचा बाप खोटं बोलला नाही," यमुताई म्हणाल्या. "तिसरा खिळा नवा होता. मूठ बापाची, पातं नवं. वच्छलाबाई, तव्याची पत्री आणता का वं?"

वच्छलाबाई आल्या. त्यांच्या हातात चिंधी गुंडाळलेली पत्री होती.

"गेल्या उन्हाळ्यात गुळाची ढेप फुटत नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमची पेटी उघडी होती. चाकू मोडला. मी लोहाराकडून मूठ तशीच ठेवून दुसरं पातं बसवून घेतलं. हा त्या जर्मन पात्याचा तुकडा. फेकायचं मन झालं नाही, म्हणून रोज तवा खरवडते."

बाबनरावांनी तुकडा उजेडात धरला. चिंच, लिंबू, तव्याची काजळी, सगळं खाऊनही त्यावर एक डाग नव्हता. ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले, जसा त्यांचा बाप मुठीवरून फिरवत असेल.

"मले काहून नाही सांगितलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही चाकू वर्षातून एकदा पाहता," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी तुमाले रोज पाहते."

बाबनराव उठले, दाराशी गेले आणि रुपरावच्या समोर उभे राहिले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला हात कुठं ठेवायचे हे कळत नाही. त्यांनी जर्मन तुकडा त्याच्या हातात दिला.

"पुढच्या साली विळी आणू नका, जावईबापू," ते म्हणाले. "हा आणा. मूठ मी बसवून देतो."

आतल्या दाराशी प्रेमिलानं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, ते आतल्या बायकांनी दबक्या आवाजात गल्लीला सांगितलं.

नानाजींनी तेवढ्यात रोटाचा एक तुकडा उचलला होता. त्यांनी चावला, थांबले, परत चावला.

"वहिनी," ते म्हणाले, "वास आहे. पण गूळ चांगला घातलाय."