बरणीतलं रहिमतपूर

"सुभेदारसाहेब, माझं वटवाघूळ चोरीला गेलंय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत विजयमाला रडवेली उभी होती. पलटणीतून सुटल्यावर चोऱ्यांचा माग काढणारे सुभेदार सयाजी हसले नाहीत. त्यांचा मेंढपाळ सोबती धुळा मात्र हसला.

"आवं, वाघूळ कोण चोरतंय?"

"जांभळाएवढंच आहे, मामा. पण ही जात घाटाच्या पूर्वेला आजवर कुणाला सापडली नव्हती. मला रहिमतपूरच्या देवळात सापडली. डाव्या पंखाला तिळाएवढं भोक होतं. मी ते स्पिरिटच्या बरणीत ठेवलं. आज बघते तर 'रहिमतपूर' चिठ्ठीच्या बरणीत धड पंखांचं दुसरंच! दुपारी परीक्षक येतायत. तीन वर्षांचं काम खोटं ठरेल."

धुळाचं हसू विरलं. पोरीची तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळ्यांची राखण.

सयाजींनी बरणी उजेडात धरली. झाकणावर लाखेचं सील, त्यात विजयमालाच्या अंगठीचा ठसा, शाबूत. काचेवर कुंकवाचं पुसट बोट. चिठ्ठी तिरकी, कडेला खळीचा ताजा ओघळ.

सोबत संशोधन करणारा लालासाहेब तडकला. "ती जात इकडं नाही असं मी लिहिलंय, म्हणून चोर मीच? आठ दिवस उंब्रजला होतो. आत्ताच्या एसटीनं आलोय."

शिपाई नाथाजीनं कमरेची किल्ली चाचपली. "देवाशप्पत, एकबी बरणी उघडली न्हाई."

"खंडेनवमीला पूजा कशाची केलीस?"

"समद्याचीच की! कात्र्या, भिंगं, बरण्या."

धुळा पुटपुटला, "आमी खूण मेंढराच्या कानाला करतो. मेंढवाड्याला करून काय उपेग?"

सयाजी गर्रकन वळले. "सुटलं रं गड्या! सील शाबूत, म्हणजे वाघूळ बरणीतून निघालंच नाही. मग हललं काय? बाहेरची चिठ्ठी. कुंकू सांगतंय बरणी पुजली, आणि पुजायच्या आधी धुतली. खळ सांगतेय चिठ्ठी पुन्हा चिकटवली. नाथाजी, धुताना किती चिठ्ठ्या सुटल्या?"

नाथाजीची मान खाली गेली. "तीन. सणाला बरण्या पारोशा कशा ठिवायच्या? मला वाचता येत न्हाई, साहेब. अंदाजानं लावल्या."

त्यानं दाखवलेल्या तीन बरण्यांतली 'इस्लामपूर'ची विजयमालानं खिडकीशी नेली. डाव्या पंखातून तिळाएवढा उजेड आला.

दुपारी परीक्षकांनी वहीतली टिपणं ताडून मान डोलावली. लालासाहेबानं आपलं वाक्य स्वतःच खोडलं.

संध्याकाळी नाथाजी लाख वितळवत होता आणि विजयमाला एकेका वाघळाच्या पायाला चिठ्ठी बांधत होती. दोरा धुळानं धरला होता.

"कानाला न्हाई व्हय बांधत?"

"फाटेल हो, मामा."

"मग हळू. कोकरू हाय समज."