बारशाआधी

सुकन्याची लेक चार दिवसांची झाली त्या सकाळी पाळण्याच्या कडेवरच्या पडद्यावर तिचं वजन उमटलं : एक किलो नऊशे. काल ते तीन किलो शंभर होतं.

रत्नमाला सिस्टर हसल्या. म्हणाल्या, यंत्रालाही कधीतरी डुलकी लागतेच. या प्रसूतिगृहातले पाळणे जाणते होते. बाळाचं वजन, ताप, ठोके स्वतः मोजायचे, मध्यवर्ती डेटाबेसला कळवायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेले थेंब नळीतून वेळेवर बाळाच्या तोंडात सोडायचे. कागदी तक्ते वर्षापूर्वीच बंद झाले होते.

लेकीच्या मुठीत एक बोट तसंच ठेवून सुकन्याने पडद्यावरची नोंद पुढे सरकवली. 'हृदयाचे थेंब, अकरा चाळीस.' तिच्या लेकीचं हृदय तर चांगलं होतं. घड्याळात अकरा एकोणतीस झाले होते.

तिने ऑफिसातल्या इरफानला फोन लावला. ती बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी या रुग्णालयाचा डेटाबेस जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवायचं काम दोघांनी मिळून केलं होतं. नवी प्रणाली आजच सहाला सुरू झाली, सगळं सुरळीत आहे, तू बाळाकडे बघ, असं तो म्हणाला.

"बाळाकडेच बघतेय. दुबार नोंदी एकत्र करणारी क्वेरी वाचून दाखव."

त्याने वाचली. नाव सारखं, जन्मतारीख सारखी, वॉर्ड सारखा, तर बाळ एकच. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली ती आज्ञा, तिचीच होती. चार वर्षं बिनतक्रार चालली होती. दोन्ही डेटाबेसची भाषा एसक्यूएलच, म्हणून तिने ती तशीच उचलून नेली होती.

"नावाचा रकाना," ती म्हणाली.

इथे बारशापर्यंत बाळाला नाव नसतं. रकाना कोराच राहतो. जुनी प्रणाली कोऱ्या रकान्याला 'माहीत नाही' समजायची, आणि एक माहीत नसलेलं दुसऱ्या माहीत नसलेल्याशी कधीच जुळत नसे. नव्या प्रणालीत कोरं हीसुद्धा एक नोंद होती. कोरं बरोबर कोरं. चार दिवसांपूर्वी या वॉर्डात जन्मलेल्या तीन मुली सकाळपासून एकच मुलगी झाल्या होत्या.

पाळणे बंद करा, असं ती म्हणाली. सिस्टरांचा चेहरा उतरला. सात नंबरचं अशक्त बाळ पाळण्याच्याच उबेवर आणि हवेवर होतं; थेंब त्याचेच. नोंद एक, पाळणे तीन. डोस कोणत्या पाळण्यात जाईल ते यंत्र ठरवणार; बाकी दोघींना उचलून घेतलं तरी सात नंबरचा डोस हुकू शकत होता. क्वेरी बदलायला परवानगी हवी, निदान अर्धा तास, असं इरफान सांगत होता.

"नाव घातलं तर नोंद सुटी होईल?"

"लगेच होईल. पण तिघींचंही घाल."

डबा घेऊन आलेल्या सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव घ्यायचं नसतं."

"वन्सं येईपर्यंत थांबता येणार नाही, आई."

तिने टाइप केलं : इरावती. नऊ महिने मनात घोळवलेलं नाव असं घाईघाईत अंगठ्याने लिहावं लागेल, हे तिला कुठे ठाऊक होतं? शेजारच्या खाटेवरची अस्मिता, तिसऱ्या मुलीची आई, आधी रडली, मग तिने नाव सांगितलं : मृण्मयी. सात नंबरची आई अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती. सिस्टर क्षणभर पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या आईचं नाव लिहिलं. यशोदा.

अकरा एकोणचाळीस. पडद्यावर तीन किलो शंभर परत आलं. थेंबांची ओळ इरावतीच्या पाळण्यावरून पुसली गेली. सात नंबरच्या नळीवरचा दिवा लागला.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पुटपुटल्या, नाव चांगलंय हो. सुकन्या हसणार होती, इतक्यात तिची नजर सकाळच्या जुळलेल्या नोंदीवर गेली.

'हृदयाचे थेंब, आठ वाजता : दिले.' पाळण्याचा क्रमांक नव्हता.

"सिस्टर, त्या थेंबांनी काय होतं?"

"ठोके हळू होतात," सिस्टर म्हणाल्या, आणि मृण्मयीच्या पाळण्याकडे धावल्या.

सुकन्याने लेकीला उचललं. पडद्यावर तिचा आता विश्वास नव्हता. तिने त्या एवढ्याशा छातीला कान लावला, डोळे मिटले आणि मोजायला लागली. एक. दोन. तीन.

नेहमी एवढा वेळ लागायचा का?