दुपारचा ताईत

ताईत तिनेच काढला, आणि तोही चांगल्या हेतूने.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. फ्रेमचा आकार मशीनला दिला, काच आत बसवली, झाकण लावलं की मशीन पाण्याच्या फवाऱ्याखाली आपलं आपलं फिरत बसायचं. माणसाने तोवर नुसतं उभं राहायचं. त्या दिवशी पुढची ऑर्डर बघायला ती कॉम्प्युटरकडे वळली, तर ऑर्डरच्या यादीमागे कुणाचा तरी खेळ कालपासून उघडाच राहिलेला. काळोखी भुयारं, अक्षरांनी काढलेले राक्षस आणि त्यांच्यात एकटाच एक योद्धा. असले खेळ तिने कॉलेजात रग्गड खेळले होते. दर डावाला भुयार नवं, पण जीव एकच. मेलात की सगळं पहिल्यापासून.

योद्ध्याच्या गळ्यात ‘श्रद्धेचा ताईत’ नावाचं काहीतरी होतं आणि पायाशी, मार कमी करणारा दुसरा ताईत धूळ खात पडला होता. कोण हा बावळट, असं मनाशी म्हणत तिने पहिला काढून दुसरा घातला.

पडद्यावर ओळ उमटली— तुझा देव तुझ्यावर नाराज झाला आहे.

“थांबा, थांबा, थांबा!”

दारात एक उंच मुलगा उभा होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं. खोलीत एकदम संत्र्याचा वास पसरला.

“काढला?”

“काय?”

“ताईत!”

“हा होय... अहो, त्यापेक्षा हा बरा. याने मार कमी लागतो.”

“बाई, तो श्रद्धेचा ताईत होता.”

“मला बाई म्हणू नका.”

“मग काय म्हणू? काका तर तुम्हाला सकाळ म्हणतात.”

काका म्हणजे दुकानाचे मालक. नावं लक्षात ठेवण्याचा त्यांना कंटाळा होता. सकाळच्या शिफ्टची मुलगी म्हणून ती ‘सकाळ’ आणि नुकताच लागलेला दुपारच्या शिफ्टचा मुलगा ‘दुपार’. तो येण्याआधी ती रोज निघून जायची. तिला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्याच्यानंतर टेबल लख्ख पुसलेलं असतं आणि खुर्ची इतकी उंच केलेली असते की तिचे पाय लोंबकळतात. आज जाड नंबरच्या काचांनी तिला उशीर केला, म्हणून ही गाठ पडली.

“तुम्ही दुपार?” तिने विचारलं.

“होतो. आता देव सोडून गेलेला माणूस आहे.” तो खुर्चीच्या पाठीला टेकून वाकला आणि पडद्यावरचे तारे दाखवू लागला. “ही देवाची मर्जी. हा ताईत गळ्यात असला की देव भराभर प्रसन्न होतो. पण काढला, की देवाला वाटतं, गेला हा आपल्याला सोडून. कमावलेल्या मर्जीतली एक तृतीयांश जाग्यावर साफ. तीन तारे होते, बघा, दोन राहिले.”

“मग घाला की परत.”

“घातला तरी गेलेला तारा येत नाही. तो कमवावा लागतो.”

“मग कमवा.”

“ज्याने घालवला त्याने कमवायचा.”

“मी?”

“खुर्चीत मी नव्हतो ना.”

खरं तर तिला राग यायला हवा होता. राग शोधत शोधत ती घरापर्यंत आली. हाताला मात्र कुठेच लागला नाही.

असा तो योद्धा दोघांचा झाला. सकाळी मशीन फिरत असताना ती खेळायची, दुपारी तो. ताईत पुन्हा गळ्यात गेला. या खेळात कुठल्याही वस्तूला लेबल लावता येतं, आणि बोलायला तेवढी जागा पुरत होती. भाल्यावर त्याने लिहिलं, ‘सकाळच्या हाताला हलका पडेल.’ तिने खाली जोडलं, ‘सकाळचा हात बघितलाय कुठे?’ एका बाटलीवर तिने लिहिलं, ‘ही दुपारने प्यायली तर अबोला.’ दुसऱ्या दिवशी बाटली तशीच होती, लेबल तेवढं वाढलं होतं. ‘तहान लागली होती. तरी नाही.’

हळूहळू तिला दुपारी निघायला थोडा उशीर होऊ लागला. तो आत यायचा, हेल्मेट खिळ्याला लावायचा, संत्रं टेबलावर ठेवायचा. मग दोघं वाकून तारे मोजायची. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“चार झाले.”

“त्यातला दीड माझा.”

“अर्धा तारा नसतो.”

“मग दोन माझे.”

“घे. सगळे घे.”

यावर काय बोलायचं असतं? तिने पर्स उचलली आणि निघाली. रस्त्यात तिच्या लक्षात आलं, चष्मा दुकानातच राहिला. चष्म्याच्या दुकानात! परत जायची लाज वाटली म्हणून घरापर्यंतचा रस्ता तिने अंधुकच पाहिला.

आणि एका सकाळी ती खुर्चीत बसली, तर पाय थेट जमिनीला टेकले.

तिची थोरली बहीण घरी शिवणकाम करायची. ताईपुढे तिने विषय काढला तेव्हा ताईच्या तोंडात टाचण्या होत्या.

“खुर्ची खाली केलेली होती.”

“म्हणजे प्रेमच.” टाचण्यांमधून आवाज आला.

“किंवा खुर्ची बिघडली असेल. आपोआप खाली येत असेल.”

“तू तपासलीस?”

“हो. वर करून बघितली. राहते वर.”

ताईने टाचण्या काढून हातावर घेतल्या. “मग विचारून टाक.”

“काय? खुर्ची तू खाली केलीस का?”

“हो.”

“आणि तो हो म्हणाला तर? पुढचा प्रश्न कुठला?”

“तो तेव्हा सुचतो,” ताई म्हणाली. “बावळट आहेस. हात वर कर, बाहीचं माप घेऊ दे.”

पण तिला सुचत नव्हतं. सगळा घोटाळाच होता. हा हसतो ते तिच्याकडे बघून, की ताऱ्यांकडे? ‘सगळे घे’ हे ताऱ्यांबद्दल होतं, की... योद्धा मेला आणि खेळ संपला, तर उद्या हा हेल्मेट खिळ्याला लावून मुकाट कामाला लागेल का? मर्जी कुणामुळे आहे, तिच्यामुळे की खेळामुळे, हे एकदा कळलं असतं तर तिला नीट झोप लागली असती.

कळायची वेळ आली, पण भलत्याच बाजूने.

“दुसरं मशीन येतंय,” काका एका सकाळी म्हणाले. ते संत्रं सोलत होते. “दुपारची शिफ्ट बंद करतो. दोघं सकाळीच या, शेजारी शेजारी बसा. गप्पा मारा, पण काचा फोडू नका.”

तिच्या हातातली फ्रेम हातातच राहिली. रोज! शेजारी!

“पण दुपार ‘नको’ म्हणतोय,” काका फोड तोंडात टाकत म्हणाले. “काल विचारलं. म्हणतो, काका, मला दुपारचीच द्या, हवं तर नवीन मशीन पुढच्या खोलीत टाका. तुमचं काही वाजलं का ग?”

“नाही...”

“मग? मला काही कळत नाही बुवा तुम्हा मुलांचं. आज दुपारी मिस्त्री येईल वायर ओढायला. तोवर काय ते ठरवा.”

तिलाही कळत नव्हतं. तिने दोन काचा उलट्या बसवल्या, उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे, आणि कुणा परक्या माणसाचं जग तिरकं व्हायच्या आत त्या काढल्या. मशीन फिरायला लागल्यावर खेळ उघडला. योद्धा तळच्या भुयारात पोहोचला होता. तारे पूर्ण सहा. समोर एक अगडबंब राक्षस उभा. आणि औषधाच्या शेवटच्या बाटलीवर कालचं नवं लेबल होतं. ‘घाई नको, सकाळ.’

म्हणजे काय? राक्षसाची घाई? तिची घाई? तिने एकही बटण दाबलं नाही. काम संपलं तरी ती उठली नाही.

संत्र्याचा वास आधी आला, मग तो.

“अजून इथेच?”

“तू काकांना नको म्हणालास.”

त्याने हेल्मेट खिळ्याला लावलं. ते पडलं. उचलून पुन्हा लावलं.

“सांगितलं त्यांनी?”

“माझ्या शेजारी बसायचं नसेल तर तसं सांगायचं. मी पुढच्या खोलीत जाते. त्यात काय!” आवाज शेवटी थोडा चिरकला, त्याचा तिला फार राग आला.

“तसं नाही ग.”

“मग कसं?”

“दोन वाजता तुला जो दिसतो ना... तो मी नाही.”

“मग कोण आहे?”

“म्हणजे मीच आहे, पण— सकाळी उठल्यापासून ठरवत असतो, आज काय बोलायचं. ‘सगळे घे’, ते मी दोन दिवस घोकलं होतं. आणि हे संत्रं...”

“संत्र्याचं काय?”

“पहिल्या दिवशी चुकून हातात होतं. आईने बळेच दिलेलं. नंतर एकदा तू म्हणालीस, वास छान येतो. मला संत्रं आवडत नाही.”

“रोज आणतोस! मग खातं कोण?”

“काका.”

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. रागावलेल्या माणसाने इतक्यात हसायचं नसतं.

“सबंध दिवस शेजारी बसलीस की तुला कळेल,” तो म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत नव्हता, मशीनकडे बघत होता. “काम करताना मी गुणगुणतो. एकच ओळ, तीही बेसूर. सकाळी मला कुणी काही विचारलं तर नुसता ‘हं’ करतो. विनोद संपतात माझे. हे दुपारचं थोडंसं भेटणं आहे ना, तोच माझा ताईत आहे. गळ्यात आहे तोवर मर्जी आहे. काढला, की...”

“एक तृतीयांश जाते.”

“हो.”

पडद्यावर राक्षस पंजा उगारून तसाच थांबला होता. या खेळात तुम्ही बटण दाबत नाही तोवर समोरचा हलत नाही. दिवसभर दाबलं नाही तर दिवसभर उभा. मरण येत नाही, पण पुढेही काही होत नाही. तिने शेजारच्या उंच, वाकलेल्या मुलाकडे पाहिलं. हा कधीपासून असा उभा आहे?

आणि आपण?

तिने कीबोर्ड ओढला आणि योद्ध्याच्या गळ्यातला ताईत काढला.

“अगं! समोर तो एवढा—”

तुझा देव तुझ्यावर नाराज झाला आहे.

“मोज,” ती म्हणाली.

“सकाळ, वेड लागलंय का? किती दिवसांची कमाई—”

“मोज म्हटलं ना.”

त्याने मोजले. “चार.”

“ताईताशिवाय?”

“ताईताशिवाय.”

“मग ही मर्जी ताईताची नाही. गेली ती ताईताची. ही उरली ती...” इथे तिचं धैर्य संपलं. तिने संत्रं उचललं, उगीच फिरवलं, परत ठेवलं. “तुझ्या बेसूर ओळीचे दोन तारे कापलेत मी. आत्ताच. पुन्हा कापणार नाही. उरलेले आहेत माझ्याकडे. हवे असतील तर घे.”

त्याचं घोकलेलं सगळं बहुतेक संपलं होतं. त्याचे कान मात्र लालभडक झाले.

“आणि एक सांग,” ती खाली बघत म्हणाली. “खुर्ची तू खाली केलीस का?”

“...रोज करतो. निघताना.”

ताई म्हणाली होती तसंच झालं. पुढचा प्रश्न तेव्हाच सुचला.

“मग उद्या सकाळी किती वाजता येतोस?”

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून काकांची हाक आली. “अरे मिस्त्री आलाय! मशीन कुठे टाकायचं? सकाळ? दुपार? कुणीतरी बोला!”

“इथेच,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मशीनलाही ऐकू गेला नसता.

“मोठ्याने,” ती म्हणाली.

“इथेच, काका! सकाळच्या शेजारी!”

मग त्याने दुसरी खुर्ची ओढून घेतली, बसला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून संत्रं सोलू लागला. पहिली फोड त्याने तिच्या हातावर ठेवली. दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करत गिळली.

“आवडत नाही ना?”

“हं,” तो म्हणाला.

हा त्याचा पहिला सकाळचा ‘हं’. भर दुपारी आलेला. तिला तो चक्क आवडला. पडद्यावर राक्षस अजून पंजा उगारून उभा होता आणि त्याच्यासमोर योद्धा, मोकळ्या गळ्याने. बटणाला कुणी हात लावला नाही.